पाखरांची बोली आणि माणसांचे गाऱ्हाणे



वसंत व्याख्यानमालेत पाखरांवर बोलावयाचे तर वक्ता पक्षिशास्त्राचा जाणकार असावा किंवा निदान कवी तरी असावा, अशी आपली अपेक्षा असणे रास्त आहे. मी दोन्ही नाही. माझी शाळा सातवीला सुटली, पुढचे वाचन सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले आणि सारे आयुष्य विडी कामगारांच्या संघटनेत गेले. तरीही हा विषय मी मागून घेतला. अमुक पाखरू अमुकच का ओरडते, हे सांगणाऱ्या गोष्टी आपल्या देशात खेडोपाडी सांगितल्या जातात. त्या वाचू लागलो तेव्हा मला त्यांत पाखरांपेक्षा माणसेच अधिक भेटली, आणि ती माणसे माझ्या ओळखीची निघाली. ती ओळख आपणांस करून द्यावी, एवढाच आजचा हेतू आहे.

प्रथम आपल्या कानाचा विचार करू. सध्या चैत्र-वैशाखाचे दिवस आहेत. गावाबाहेरच्या आमराईत पहाटे, भर दुपारी, क्वचित चांदण्या रात्रीसुद्धा एक पाखरू चढत्या स्वरात ओरडत असते. स्वर चढता चढता इतका चढतो की आता याचा गळा फाटणार असे वाटते. मग ते एकदम थांबते आणि पुन्हा खालून सुरुवात करते. हा पावशा. कबुतराएवढा, राखी रंगाचा, शिक्र्यासारखा दिसणारा. आपला शेतकरी म्हणतो, पावशा ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ असे सांगतो. नांगरट उरकली, पाळी घालून झाली, आता आभाळाकडे डोळे लागले आहेत. अशा वेळी पाखराने दुसरे काय सांगावे? हेच पाखरू हिंदी मुलखात गेले की ‘पी कहाँ, पी कहाँ’ म्हणू लागते, म्हणजे माझा प्रियकर कोठे आहे असे विचारू लागते. तेथे त्याचे नाव पपीहा. बंगालमध्ये तेच ‘चोख गेलो’, माझे डोळे गेले, असा टाहो फोडते. आणि इंग्रज साहेब या देशात आला, उन्हाने आणि तापाने हैराण झाला, तेव्हा त्याच्या कानी तीच शीळ ‘ब्रेन फीवर’ अशी पडली, मेंदूचा ताप! पाखरू एक, गळा एक, स्वर एक. कान मात्र चार, आणि चौघांच्या चिंता चार.

उत्तर हिंदुस्थानात काळ्या तितराविषयी एक गमतीची गोष्ट सांगतात. तितर ओरडला. फकीर म्हणाला, हा ‘सुभान तेरी कुदरत’ म्हणतो आहे. पंडित म्हणाला, छे, ‘राम सीता दशरथ’. वाण्याला ऐकू आले ‘नून तेल अदरक’, आणि पहिलवानाला ‘दंड बैठक कसरत’. ही गोष्ट ज्याने प्रथम रचली त्याने आपल्या विषयाचे अर्धे शास्त्र चार ओळींत सांगून टाकले आहे. पाखरू स्वर देते, अर्थ आपण घालतो. आणि जो अर्थ घालतो तो आपल्या गाठोड्यातूनच काढून घालतो.

आपल्या मराठीत पाखरांची नावे पाहा. ‘टुक् टुक् टुक्’ असा एका लयीत आवाज करणारा, हिरव्या अंगाचा आणि लाल कपाळाचा चिमुकला पक्षी. त्याला आपण तांबट म्हणतो, कारण तांब्याच्या भांड्याला मठार देताना हातोडीचा असाच ठोका पडतो. पुण्याच्या तांबट आळीत वाढलेल्या माणसाला हे निराळे सांगावे लागत नाही. झाड ठोकतो तो सुतार, पाने शिवतो तो शिंपी, पाणवठ्यावर शेपटी आपटतो तो परीट, किडे-सरडे काट्याला टोचून ठेवतो तो खाटीक आणि मोठ्या पाखरांनाही हुसकून लावतो तो कोतवाल. कोणा राजाचे वा सरदाराचे नाव या यादीत सहसा आढळत नाही. ही नावे दरबारात पडलेली नाहीत. हाताने काम करणाऱ्या लोकांनी आपल्या आळीतली नावे उचलून रानात नेली आणि पाखरांना दिली.

आता प्रत्यक्ष गोष्टींकडे वळू. पशुपक्ष्यांच्या ओरडण्याचे मूळ सांगणाऱ्या कथा जगभर इतक्या सापडतात की स्टिथ थॉम्प्सन या अमेरिकन अभ्यासकाने लोककथांच्या घटकांची जी प्रचंड सूची केली, तीत यांच्यासाठी स्वतंत्र घर ठेवावे लागले. आपल्या देशातही व्हेरिअर एल्विन यांनी मध्य भारतातील आदिवासींच्या उत्पत्तिकथांचा मोठा संग्रह 1949 साली प्रसिद्ध केला, आणि मराठीत दुर्गाबाई भागवतांनी 1956 साली ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ लिहून या अभ्यासाची वाट रुंद केली. मी आज यांतला सारा पसारा मांडणार नाही. तीन-चार गोष्टी सांगतो आणि त्यांच्यात काय भरले आहे ते आपण मिळून पाहू.

पहिली गोष्ट हिमालयाच्या पायथ्याची, कुमाऊँ-गढवालची. तेथे रानात काफळ नावाचे झाड असते. चैत्रापासून जेठापर्यंत त्याला लहान लहान, लालबुंद, आंबटगोड फळे येतात. एक गरीब विधवा होती आणि तिची एक लहान मुलगी. आई पहाटे रानात गेली आणि टोपलीभर काफळे तोडून घेऊन आली. ही विकायची आणि त्यावर चूल पेटवायची. आईला पुन्हा कामावर जायचे होते. ती मुलीला म्हणाली, “राखण कर, पण एकही तोंडात टाकू नकोस.” मुलगी उपाशी होती. फळे समोर होती. तिने एकाला हात लावला नाही. दिवसभर ऊन पडले, फळे सुकली, आकसली आणि टोपली उणी दिसू लागली. दमूनभागून आलेल्या आईने टोपली पाहिली आणि तिचा पारा चढला. तिने मुलीला मारले. मार वर्मी लागला, पोर जागीच गेली. मग पाऊस आला. ओल लागताच फळे फुगली आणि टोपली पुन्हा काठोकाठ भरली. आईने ती पाहिली आणि त्या दुःखाने तीही गेली. दोघी पाखरे झाल्या. त्या दिवसांत तेथल्या रानात एक पाखरू चार सुरांत ओरडते: ‘काफल पाको, मैं नि चाखो’, काफळे पिकली, पण मी चाखली नाहीत. दुसरे पाखरू उत्तर देते: ‘पुर पुतई पुर पुर’, पुरी आहेत गं बाळे, पुरी आहेत.

आता येथून दोन हजार किलोमीटरांहून अधिक दक्षिणेला, समुद्र ओलांडून सिंहलद्वीपात चला. तेथे होल्याच्या जातीचा एक पक्षी आहे. आपल्याकडे कोकणात होल्याला कवडा म्हणतात, त्याचाच हा भाऊबंद. त्याच्या घुमण्याविषयी सिंहली बाया एक गोष्ट सांगत आल्या. एका बाईने ‘मी’ झाडाची फुले वेचून खडकावर वाळत घातली. हे ‘मी’ म्हणजे दुसरे तिसरे काही नसून आपल्या मोहाचाच वंश आहे. मुलाला राखण बसवले. उन्हाने फुले सुकली, लहान झाली, खडकाला चिकटून दिसेनाशी झाली. आईला वाटले पोराने खाल्ली. तिने मारले, पोर मेले. पावसाची सर आली, फुले टरारून वर आली. आई रडून रडून मेली आणि होला झाली. आणि म्हणू लागली की फुले सापडली, पण माझे लेकरू काही सापडत नाही.

श्रोतेहो, भाषा निराळी, धर्म निराळा, झाड निराळे, पाखरू निराळे; गोष्टीची हाडे मात्र तीच. एकाने दुसऱ्याची गोष्ट उचलली की दोन ठिकाणी ती आपोआप उगवली, यावर विद्वानांनी खुशाल वाद करावा. मला दिसते ते एवढेच की ही गोष्ट जगायला जे जे लागते ते सारे दोन्ही ठिकाणी हजर होते. रानातून वेचून आणलेला माल, तो मोजून घेणारे घर, कामाला जाणारी आई, राखणीला बसवलेले पोर आणि ऊन. आमच्या गडचिरोलीत आणि मेळघाटात फाल्गुन-चैत्रात बाया अंधारातच उठून मोहाची फुले वेचतात आणि अंगणात वाळत घालतात. ताजे फूल रसाने टपोरे असते, वाळले की मनुकेएवढे होते. टोपलीभर फुलांचे सुपात काय उरते, हे त्या बायांना विचारा.

आणि येथेच मला या गोष्टीचा खरा विषय सापडला. हा विषय आहे तूट. माल कमी भरला, तर तो कोणी खाल्ला? पहिला संशय कोणावर? तर जो सर्वांत लहान, सर्वांत उपाशी आणि मालाच्या सर्वांत जवळ बसलेला, त्याच्यावर. आमच्या धंद्यात हे रोजचे आहे. विडी वळणाऱ्या बाईला पान आणि तंबाखू मोजून मिळतो. हजार विड्यांना इतके पान, इतका तंबाखू, हा हिशोब ठरलेला. टेंभुर्णीचे पान कोरडे पडले की कात्रीखाली तडकते. म्हणून ती ते भिजवते, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवते. पान वाईट आले, फाटले, तर ते पुरत नाही, आणि मग ती पदरमोड करून बाजारातून आणते. संध्याकाळी विड्या घेऊन गेली की मुनीम त्यांतल्या काही ‘छाट’ म्हणून बाजूला टाकतो. तूट कोणाची? बाईची.

एका ठिकाणची हकीकत सांगतो. नावगाव सांगत नाही. पावसाळ्याचे दिवस होते. दिलेल्या तंबाखूच्या मानाने परत आलेल्या, शेकून कोरड्या झालेल्या विड्यांचे वजन उणे भरते, तेव्हा बाया तंबाखू चोरतात, असा बोभाटा झाला आणि झडती घेण्याची भाषा सुरू झाली. आम्ही भांडण वाढवले नाही. त्याच कोठीतला, त्याच पोत्यातला तंबाखू त्यांच्याच काट्यावर तोलला, त्यांच्याच भट्टीशेजारी ताटात पसरला आणि दुसऱ्या दिवशी सर्वांच्या देखत पुन्हा तोलला. काटा वर गेला. रात्रभर ताटाजवळ कोणी फिरकले नव्हते. झडतीची गोष्ट त्या दिवसापासून बंद झाली. त्या वेळी काफळाची गोष्ट मला ठाऊक नव्हती; पुढे वाचली तेव्हा वाटले की डोंगरातल्या त्या बायांना हे शास्त्र आमच्याआधी अवगत होते. त्यांच्याकडे काटा नव्हता, म्हणून त्यांनी ते पाखराच्या तोंडी ठेवले.

हे शास्त्र व्यापाऱ्यालाही चांगले माहीत असते, बरे का! कापूस हवेतली ओल धरतो. म्हणून कापूस-सुताच्या व्यवहारात शंभर किलो कोरड्या कापसामागे साडेआठ किलो ओल गृहीत धरण्याचा प्रघात आहे. व्यापारी व्यापाऱ्याशी व्यवहार करतो तेव्हा ओलीचा हिशोब कागदावर मांडला जातो; राखणीला बसलेल्या पोराशी व्यवहार होतो तेव्हा तो कोणी मांडत नाही. 1966 साली विडी व सिगार कामगारांसाठी जो कायदा झाला, त्यात कच्च्या मालाचा पुरवठा, टाकून दिलेल्या विड्या आणि त्यांची मजुरी यांवरून होणारे तंटे सोडवण्याची निराळी तरतूद करावी लागली होती. म्हणजे देशाच्या संसदेलाही या तुटीची दखल घ्यावी लागली.

तिसरी गोष्ट पुन्हा कुमाऊँचीच. तेथे चैत्र महिन्यात भाऊ सासरी असलेल्या बहिणीला भेटायला जातो, माहेरचा खाऊ आणि कपडा घेऊन जातो. या चालीला ‘भिटौली’ म्हणतात. एक भाऊ असाच लांबून चालत बहिणीकडे आला. बहीण झोपली होती. त्याने तिला उठवले नाही. बराच वेळ वाट पाहिली, आणलेले सामान तिच्या उशाशी ठेवले आणि उपाशीपोटीच परत फिरला. बहीण जागी झाली, सामान पाहिले आणि आक्रोश करीत गेली. ती घुघुती झाली, म्हणजे आपला होलाच, आणि घुमू लागली: ‘भै भूखो, मैं सिती’; भाऊ उपाशी, मी झोपले. आता विचार करा. दिवसाढवळ्या ती बाई का झोपली होती? गोष्टीत याचे कारण सांगत नाहीत, कारण ऐकणाऱ्या बायांना ते सांगावे लागत नाही. डोंगर चढून गवताचे आणि लाकडाचे भारे आणणारी सासुरवाशीण घटकाभर टेकली आणि तिचा डोळा लागला. वर्षातून एकदा येणारा भाऊ त्याच घटकेत येऊन गेला. आपल्या जात्यावरच्या ओव्यांत भावाची वाट पाहणाऱ्या ज्या बहिणी आहेत, त्यांना ही गोष्ट क्षणात कळेल.

येथे कोणी म्हणेल, या साऱ्या गोष्टी रडक्याच आहेत काय? नाहीत. टिटवीची गोष्ट घ्या. टिटवी रात्री-अपरात्री ओरडली की आपल्याकडे अशुभ मानतात. वस्तुतः ती बिचारी उघड्या माळावर, खड्यांत खड्यांसारखी दिसणारी अंडी घालते आणि माणूस, कुत्रा, कोल्हा कोणीही जवळ आले की ओरडून इशारा देते. पहारेकऱ्याची आरोळी आपण अपशकुनात जमा केली! हिच्या आवाजावरूनच संस्कृतात तिला टिट्टिभ म्हणतात, आणि पंचतंत्रात, मित्रभेदात, तिची गोष्ट आहे. समुद्रकाठी टिटवीने अंडी घातली. समुद्राने ती गंमत म्हणून ओढून नेली. नर चिडला आणि म्हणाला, चोचीने समुद्र उपसून कोरडा करतो. मादी शहाणी. ती म्हणाली, एकट्याने हे व्हायचे नाही, इतर पाखरांना बोलाव. सारी पाखरे जमली, गरुडाकडे गेली. तेवढ्यात गरुडाला विष्णूचे बोलावणे आले, तर त्याने जाण्यास नकार दिला. आपल्या जातभाईंची अंडी समुद्राने न्यावीत आणि आपण मात्र चाकरी करीत राहावे, हे त्याला मान्य नव्हते. शेवटी विष्णूला यावे लागले आणि त्याने धाक घालताच समुद्राने निमूटपणे अंडी परत केली. श्रोतेहो, संप हा शब्द पंचतंत्रात नाही, पण गोष्ट दुसऱ्या कशाची आहे ते तुम्हीच सांगा.

आता शास्त्राचीही बाजू मांडली पाहिजे, नाहीतर एकांगी बोललो असा ठपका येईल. पाखरू का ओरडते? बहुतेक करून नर ओरडतो. ही हद्द माझी आहे, हे दुसऱ्या नराला सांगण्यासाठी आणि मादीला बोलावण्यासाठी. काही पाखरे आपले गाणे वडीलधाऱ्यांकडून ऐकून शिकतात. कोकिळेच्या कुळातल्या पाखरांना मात्र ती सोय नाही. ती आपली अंडी दुसऱ्याच्या घरट्यात घालतात. कोकिळा कावळ्याच्या, पावशा सातभाईंच्या. पिलाला वाढवतात परके आईबाप, तरी मोठे झाले की ते आपल्या कुळाचेच बोल बोलते, कारण ते बोल ते जन्मतःच घेऊन येते. आपण ‘कोकिळा गाते’ म्हणतो, गाणाऱ्या बाईला कोकिळकंठी म्हणतो, कोकिळाव्रताच्या कथेत सतीलाच कोकिळा होण्याचा शाप मिळतो. परंतु तो ‘कुहू’ काढणारा काळाभोर पक्षी नर असतो. ठिपक्याठिपक्यांची मादी नुसती ‘किक् किक्’ करते.

आणि काफळाच्या गोष्टीतली मौज पाहा. ‘काफल पाको’ म्हणणारे पाखरूसुद्धा याच कुळातले आहे. बंगालमध्ये त्यालाच ‘बौ कथा कओ’, म्हणजे सूनबाई, बोल गं, असे म्हणतात. ते आपली अंडी कोतवालाच्या घरट्यात टाकते. म्हणजे आई आणि लेक यांच्या ताटातुटीची गोष्ट लोकांनी अशा पाखराच्या गळ्यात बांधली, की ज्याच्या पिलाला आपली आई कधी दिसतच नाही. हे डोंगरातल्या बायांना ठाऊक होते म्हणून त्यांनी तसे केले, असे मी म्हणणार नाही. पण दोन्ही गोष्टी ठाऊक असलेल्या माणसाने रानात ती शीळ ऐकावी आणि त्याला काही वाटू नये, हेही शक्य नाही.

मग या गोष्टी खोट्या म्हणावयाच्या काय? पाखरापुरत्या त्या खऱ्या नाहीत. कोणी आई होला झालेली नाही. पण माणसापुरत्या त्या खऱ्या आहेत. ज्या बाईला पंचायतीपुढे बोलण्याची सोय नव्हती, जिच्या मेलेल्या पोराचा पंचनामा झाला नाही, जिच्या थकव्याची नोंद कोणत्याही हजेरीपटावर नव्हती, तिने आपले गाऱ्हाणे अशा ठिकाणी नोंदवले की जेथून ते कोणालाही फाडून टाकता येणार नाही. दरसाल काफळ पिकते, दरसाल पाखरू ओरडते, दरसाल ती फिर्याद पुन्हा उभी राहते. कागद वाळवी खाते. अशी नोंद झाड आणि पाखरू असेतोवर टिकते.

तेवढ्यासाठीच दोन गोष्टी आपणा गावकऱ्यांकडे मागतो. पहिली अशी की झाड आणि पाखरू दोन्ही राहिली पाहिजेत. आमराया तुटल्या, माळ बिनशेती झाले, तर पावशा आणि टिटवी जातील आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या गोष्टीही जातील. कारण शीळ ऐकू न येणाऱ्या पोराला ‘पेर्ते व्हा’ म्हणजे काय ते समजावून सांगता येत नाही. आपल्या घरात आजी असेल, शेजारी रानातून आलेली कोणी म्हातारी असेल, तर या हंगामात तिला विचारा की हे पाखरू काय म्हणते. ती जे सांगेल ते वहीत तारीख घालून लिहून ठेवा.

दुसरी मागणी माझ्या धंद्याला धरून आहे. घरात, दुकानात, कारखान्यात कधी ना कधी टोपली उणी भरणारच. त्या वेळी हात उगारण्यापूर्वी, झडती घेण्यापूर्वी, मजुरी कापण्यापूर्वी माल पुन्हा एकदा तोला; ऊन किती पडले आणि ओल किती गेली याचा हिशोब करा, आणि तो हिशोब राखणीला बसलेल्या माणसाच्या देखत करा. काफळाच्या गोष्टीत पाऊस एका संध्याकाळी उशिरा आला. तेवढी संध्याकाळ थांबण्याची तयारी आपण ठेवली पाहिजे.